आईने वाचून दाखवलेलं गणित

बचत गटाच्या कार्यक्रमात आज आम्ही एका आईची गोष्ट सांगणार आहोत. ती आहे शंभर वर्षांपूर्वीच्या मॉस्को शहरातली.

या आईचं नाव तात्याना आंद्रेयेव्ना. नवऱ्याच्या नोकरीत घर भागत नसे, म्हणून ती शिवणकाम करायची. तिचा मुलगा लेव पोंत्र्यागिन, जन्म १९०८ चा. तो १४ वर्षांचा असताना स्टोव्हचा भडका उडाला आणि त्याची दृष्टी गेली.

अशा वेळी चार माणसं काय बोलतात, ते आपल्याला ठाऊक आहे. तात्याना मात्र मुलाजवळ पुस्तक घेऊन बसली आणि वाचून दाखवू लागली. आधी शाळेची पुस्तकं, मग वरच्या गणिताची. ते गणित ती कधी शिकलेली नव्हती. चिन्हांची नावंही तिला येत नव्हती. मग ती चिन्ह दिसेल तसं सांगायची: ‘शेपट्या वर’, ‘शेपट्या खाली’, ‘शेपट्या उजवीकडे’. मुलाला ते बरोबर कळायचं. परक्या भाषेतली पुस्तकं आली, तर ती भाषाही ती वाचायला शिकली. १९२५ साली मुलगा मॉस्को विद्यापीठात गेला. पुढे तो लिहू लागला, तेव्हा त्याच्या लेखांतली सूत्रंही तीच हाताने लिहून द्यायची.

याच मुलाने १९३४ साली एक मोठा सिद्धांत मांडला. तो थोडक्यात समजून घेऊ. घाबरू नका, त्यासाठी अंगण आणि हातातली बांगडी पुरे.

गणितातही गट असतो. ज्यांची बेरीज करता येते आणि केलेली बेरीज उलटी फिरवून पुन्हा शून्यावर येता येतं, अशांचा तो गट. बेरजेत आधी कोण आणि नंतर कोण याने फरक पडत नसेल, तर नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञाच्या नावावरून त्याला आबेली गट म्हणतात.

अंगणात सरळ चाला. चार पावलं पुढे, दोन मागे. हा झाला पावलांचा गट. आता या चालण्याची नोंद बांगडीवर ठेवायची. एका पावलाला बांगडीवर किती सरकायचं, तेवढं ठरवा. मग दोन पावलांना त्याच्या दुप्पट, मागे आलात तर तेवढंच उलटं. म्हणजे पहिलं पाऊल बांगडीवर कुठे पडतं, एवढ्यावर पुढचं सगळं ठरतं. बांगडीवर जितकी ठिकाणं, तितक्या नोंदीच्या रीती. या सगळ्या रीती मिळून पुन्हा एक गट होतो. त्याला आपण जोडीदार गट म्हणू. पावलांच्या गटाचा जोडीदार निघाली बांगडी.

आता बांगडीचा जोडीदार शोधू. बांगडीची नोंद बांगडीवरच ठेवायची. त्यासाठी तिच्यावर सारख्या ओढीने दोरा फिरवा. तो तुटता कामा नये आणि शेवटी टोकाला टोक मिळालं पाहिजे. एक वेढा चालेल, दोन चालतील, उलट्या दिशेने तीनही चालतील. अजिबात वेढा नाही, हेही चालेल. अर्धा वेढा मात्र चालणार नाही. म्हणजे रीती मोजायला गेलो, तर पुन्हा पुढची-मागची पूर्ण पावलंच हाती आली! जोडीदाराचा जोडीदार म्हणजे आपला मूळचा गट.

असं जिथून निघालो तिथेच नेमकं परत येणं सगळ्या गटांत होत नाही. काही गटांत परतताना वेगळंच काही हाती येतं. कोणत्या गटांत नक्की परत येता येतं, हे पोंत्र्यागिनने दाखवलं. १९३५ साली व्हान कांपेन या डच गणितज्ञाने त्याची व्याप्ती वाढवली. पोंत्र्यागिनचं या विषयावरचं पुस्तक १९३८ साली आलं. पुढच्याच वर्षी ते इंग्रजीत आलं. तो अनुवाद एम्मा लेमर या बाईंनी केला, त्या स्वतः गणितज्ञ होत्या. १९५२ साली मारियान स्मिथ या बाईंनी सिद्ध केलं, की त्या जुन्या अटीत न बसणाऱ्याही कितीतरी ठिकाणी परत येता येतं. या इतिहासात बायका आहेत मैत्रिणींनो, फक्त त्यांची नावं कमी घेतली जातात. सिद्धांताला मुलाचं नाव लागलं. वाचणाऱ्या आईचं कुठेच लागलं नाही.

ही गोष्ट आम्ही का सांगितली? मागे आमच्याच एका गटात कर्जाचा ठराव झाला. बैठकीत ठरले बारा हप्ते, वहीत पडले दहा. सह्या झाल्या, अंगठे झाले. लिहिणारी आमच्यातलीच, तिचा हेतू वाईट नव्हता. आम्हीही वही तपासली होती, आमच्याही नजरेतून सुटलं. उठता उठता एक आजी म्हणाल्या, “मला वाचता येत नाही, एकदा वाचून दाखवा की.” वाचलं, तेव्हा चूक कळली. दोन महिने आधी कर्ज फेडायचं म्हणजे दर हप्ता जड. ज्या बाईने कर्ज घेतलं होतं, तिची त्यासाठी शेळी विकली गेली असती.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. तोंडून निघालेलं वहीत गेलं, की वहीतून पुन्हा मोठ्याने वाचून कानावर आलं पाहिजे. जे बोललो तेच परत आलं, तरच सही.

तात्यानाला वरचं गणित येत नव्हतं, पण समोर जे आहे ते जसंच्या तसं वाचायचं, यात तिने कसूर केली नाही. तेवढ्यावर तिच्या मुलाचं सगळं शिक्षण उभं राहिलं. तुमच्या गटात वाचता येणारी एकच जण असेल, तर तिच्यावर केवढी जबाबदारी आहे, ते तिला सांगा. आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी अंगठा उठवण्याआधी न लाजता म्हणायचं, “ताई, पुन्हा एकदा वाच.”

येत्या बैठकीत एवढं करून बघा.