तरुणांचे वजन विनाकारण घटते तेव्हा : कारणे, तपासण्या आणि आपले काम

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळू लागले. तरुण मुला-मुलींना टक्कल पडले. गावकऱ्यांनी आवाज उठवला, आयसीएमआरचे पथक आले, पाण्याचे व रक्ताचे नमुने घेतले गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. केस गेलेले सगळ्यांना दिसतात, त्यामुळे सगळा जिल्हा बोलला.

वजन असे एका दिवसात जात नाही. पोरगं हळूहळू वाळत जातं आणि घरचे म्हणतात, "टेन्शन घेतो", "ग्राउंड करतो", "अंगालाच लागत नाही". वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला असे तरुण वारंवार भेटतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मित्रांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

किती घटले तर काळजी करावी?

व्यायाम किंवा डाएट न करता ६ ते १२ महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त घटले, तर डॉक्टरांना दाखवावे. ६० किलोच्या तरुणासाठी ही घट ३ किलोची होते. वजन पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर करावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. काटा नसेल तर सैल झालेली पँट आणि पट्ट्याचे पुढचे भोक हाही पुरावाच आहे.

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : भूक लागते का?

भूक चांगली, तरी वजन कमी

*मधुमेह :* हा म्हाताऱ्यांचा आजार नाही. टाइप १ मधुमेह मुलांना व तरुणांना होतो. खूप तहान, रात्री उठून वारंवार लघवी, भरपूर भूक आणि झपाट्याने घटणारे वजन ही त्याची लक्षणे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर तो मधुमेह असू शकतो. गावात अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचे सलाइन लावतात. अशा रुग्णाला साखर न तपासता ते लावणे धोक्याचे आहे.

*थायरॉइडचा अतिरेक :* छातीत धडधड, हात थरथरणे, गरमी सहन न होणे, चिडचिड, मुलींमध्ये पाळी अनियमित होणे. टीएसएच ही रक्ताची तपासणी करावी.

*अन्न अंगी न लागणे :* जंत, जुनाट जुलाब, आतड्याची सूज. काहींना गव्हातील ग्लुटेन सोसत नाही. त्यांना ज्वारीच्या भाकरीवर बरे वाटते आणि पोळी खाल्ली की पोट बिघडते. अशा वेळी गहू आधीच बंद करू नये, तपासणीचा निकाल चुकतो. आधी तपासणी, मग पथ्य.

भूकच मेलेली

*क्षयरोग :* आपल्याकडे सर्वात आधी तपासण्याचे कारण हेच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजनात घट. क्षयरोग गाठी, पोट किंवा मणक्यातही होतो, तेव्हा खोकला नसतो. तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण ६ महिन्यांचा असतो. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे.

*एचआयव्ही :* सरकारी केंद्रांवर समुपदेशन, तपासणी व औषधे मोफत आहेत. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करणे, निकाल उघड करणे आणि नोकरी-शिक्षणात भेदभाव करणे यांना मनाई आहे.

*मूत्रपिंडाचे आजार :* पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या भागांत, किडनीचे रुग्ण हा जुना प्रश्न आहे. मळमळ, भूक न लागणे, पायावर सूज, फेसाळ लघवी असेल तर रक्तदाब, क्रिएटिनिन व लघवी तपासावी. मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.

*मन :* भरती हुकली, परीक्षेचा निकाल लागला नाही, घरात कर्ज आहे. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप उडणे, जेवण नकोसे होणे हे नैराश्य असू शकते. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. दारू व खर्रा यांनीही भूक मरते.

क्वचित रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोगही असतो. मान, काख, जांघेत न दुखणारी गाठ आठवडे टिकली तर दाखवावी. विदर्भात बौद्ध व आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. लहानपणापासून बारीक, सांधे दुखणारा, डोळे पिवळे पडणारा तरुण असेल, तर तीही तपासणी करावी.

आणि साधी भूक

पुण्यात खोली करून अभ्यास करणारा एका डब्यावर दिवस काढतो. ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेल्यांचे जेवण कामाच्या मानाने अपुरे पडते. हेही वजन घटण्याचे खरे कारण आहे, पण ते सांगायला लाज वाटते. पात्र विद्यार्थ्यांनी अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज समाजकल्याण कार्यालयात जरूर करावा.

उशीर कुठे होतो?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका तरुणाचे वजन चार महिन्यांत ७ किलोंनी घटले. तो म्हणाला, धावतो म्हणून. संध्याकाळी अंग गरम व्हायचे, त्यावर टॉनिक आणि सलाइन चालू होते. आम्ही थुंकी तपासायला सांगितले तेव्हा आई म्हणाली, "लग्नाच्या वयात टीबीचं नाव नका घेऊ." आणखी दीड महिना गेला. निदान झाले तेव्हा त्याच्या लहान बहिणीलाही खोकला सुरू झाला होता. दोघेही आज बरे आहेत. पण त्या दीड महिन्याचे कारण जंतू नव्हते, लोकलाज होती.

कुठे जावे?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, मग खामगाव किंवा बुलढाणा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. डॉक्टरांना वजनाची नोंद दाखवा. रक्तगणना, साखर, टीएसएच, क्रिएटिनिन, लघवी, थुंकी, छातीचा एक्स-रे यांपैकी काय लागेल ते डॉक्टर ठरवतील.

त्याच दिवशी दवाखाना गाठावा : थुंकीतून रक्त पडणे, उलट्यांसह धाप व गुंगी, काळे किंवा रक्ताचे शौच, जीव नकोसा वाटणे.

क्षयरोगासाठी १८००-११-६६६६, एचआयव्हीसाठी १०९७, मनासाठी १४४१६ आणि इतर आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हे क्रमांक जवळ ठेवा.

कार्यकर्त्यांना आमची एकच विनंती आहे. आपल्या विहारात एक वजनकाटा आणि एक वही ठेवा. रविवारी वंदनेला आलेल्या तरुणांचे वजन करा, पण वही एकाच विश्वासू माणसाकडे राहू द्या आणि कोणाचा आकडा चारचौघांत वाचू नका. ज्याचे वजन घटत आहे त्याला नुसते "दवाखान्यात जा" म्हणू नका, त्याच्यासोबत जा.

जयभीम.