किनारा ओलांडल्यानंतरचे वादळ : चक्रीवादळ-पूर्वसूचनेचा इतिहास आणि मराठवाडा

प्रस्तावना

येरमाळा (ता. कळंब) हे बालाघाटच्या पठारावरील गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे चक्रीवादळाचा अंदाज हा विषय कोकणाचा किंवा ओडिशाचा, असा समज या भागात रूढ आहे. तथापि २०२० व २०२१ या लागोपाठच्या दोन वर्षांत काढणीच्या हंगामात मराठवाड्यावर जी अतिवृष्टी कोसळली, तिचा उगम बंगालच्या उपसागरात होता. भारतातील पूर्वसूचना-व्यवस्था बंदरांच्या गरजेतून घडली आणि अंतर्भागाचा विचार तिच्यात उशिरा आला, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बंदरांसाठी निर्माण झालेली व्यवस्था

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळात हजारो माणसे मृत्युमुखी पडली व बंदरातील जहाजांची मोठी हानी झाली. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे देण्यास प्रारंभ झाला. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना होऊन हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले, तर १८८६ पर्यंत इशाऱ्यांची व्यवस्था देशातील सर्व बंदरांपर्यंत पोहोचली.

या व्यवस्थेचा आधार तारयंत्र हा होता. एका बंदरातील वायुभाराची नोंद तारेने दुसरीकडे जाई आणि बंदरावर खुणेचे बावटे वा कंदील चढविले जात. मात्र जहाज एकदा समुद्रात गेले की त्याच्यापर्यंत निरोप पोहोचविण्याचे साधन नव्हते. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्र किनाऱ्याजवळ वादळात शेकडो प्रवाशांसह नाहीशी झाली. इशारा कोणापर्यंत व कोणत्या साधनाने पोहोचतो, हा प्रश्न अशा रीतीने आरंभापासूनच या इतिहासाचा भाग आहे.

किनाऱ्याकडे येताना बळावणारे वादळ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रडार व उपग्रह आले. वादळ कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज बराच अचूक झाला. त्याचे बळ किती वाढेल, हे सांगणे मात्र त्या मानाने कठीणच राहिले. दिशा ही प्रामुख्याने भोवतालच्या विस्तृत वायुप्रवाहांवर ठरते. बळ मात्र समुद्राच्या वरच्या थरांतील उष्णता, हवेतील आर्द्रता, निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्यांतील तफावत आणि वादळाच्या गाभ्यातील झपाट्याने होणारे बदल यांवर अवलंबून असते. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ५५ किलोमीटरने वाढल्यास त्यास शीघ्र तीव्रीकरण म्हणतात. असे तीव्रीकरण किनाऱ्याजवळ झाल्यास स्थलांतरासाठी हाती वेळ उरत नाही.

महाराष्ट्रास या अडचणीचा प्रत्यय ‘निसर्ग’च्या वेळी आला. १ जून २०२० रोजी कमी दाबाच्या तीव्र क्षेत्राच्या अवस्थेत असलेली ही प्रणाली ३ जूनच्या दुपारी तीव्र चक्रीवादळ होऊन रायगड किनाऱ्यावर धडकली. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ १४ ते १७ तारखांच्या दरम्यान अत्यंत तीव्र चक्रीवादळ बनले. ते दीवजवळ किनाऱ्यावर आले. परंतु त्याआधीच मुंबईपासून दूर समुद्रात तेलक्षेत्रातील पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार दगावले. इशारा उपलब्ध असूनही प्राणहानी टळली नाही, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

किनाऱ्यानंतरचा प्रवास

वादळ जमिनीवर आले की समुद्राची उष्णता तुटते आणि वारे मंदावतात. सर्वसाधारण वृत्तांत येथेच संपतो. बाष्प मात्र लगेच संपत नाही. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडणारा अतितीव्र कमी दाबाचा पट्टा हैदराबादला बुडवून पश्चिमेकडे सरकला आणि सोलापूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. ही प्रणाली चक्रीवादळाच्या अवस्थेस न पोहोचल्याने तिला नाव मिळाले नाही. लोकस्मृतीत ती केवळ ‘परतीचा पाऊस’ म्हणून उरली.

२६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ कलिंगपट्टणमजवळ, येरमाळ्यापासून आठशेहून अधिक किलोमीटरवर, जमिनीवर आले. दोनच दिवसांत मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नदीकाठी अडकलेल्यांना होड्या व हेलिकॉप्टरद्वारे हलवावे लागले आणि शिवारातील सोयाबीन पाण्याखाली गेले. पुढे त्याच अवशेषांतून अरबी समुद्रात ‘शाहीन’ निर्माण होऊन ते ओमानवर धडकले. एका प्रणालीची दोन नावे नोंदली गेली. मधला मराठवाडा मात्र निनावी राहिला.

१९९९ च्या मान्सूनोत्तर हंगामापासून हवामान विभाग चार टप्प्यांत सूचना देतो. चौथा टप्पा किनारा ओलांडल्यानंतरच्या स्थितीविषयी असून तो अंतर्भागासाठीच आहे. म्हणजे १८६५ पासून मोजल्यास अंतर्भागास स्वतंत्र टप्पा मिळण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

समारोप

बंदरावरील बावट्याचा अर्थ खलाशास निश्चित ठाऊक असे : नांगर उचलावयाचा की नाही. जिल्ह्यासाठी दिलेल्या इशाऱ्यातून कापलेल्या सोयाबीनची गंजी आज झाकावी की उद्या, काठावरील गोठा रिकामा करावा की नाही, हे शेतकऱ्यास तितक्या स्पष्टपणे उमगत नाही. पाऊस जिल्ह्यानुसार सांगितला जातो; पूर नदी व धरणानुसार येतो. ही दरी भरून काढणे हे केवळ हवामानशास्त्राचे काम नव्हे. गावोगावच्या पूररेषा, पर्जन्यनोंदी व ज्येष्ठांच्या आठवणी तारखांसह संकलित करून त्या वादळांच्या मार्गांशी जुळविणे हे काम मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी संयुक्तपणे हाती घेतल्यास ‘परतीचा पाऊस’ या एका शब्दाआड दडलेली अनेक वादळे उजेडात येतील.