मावळंकर, गणेश वासुदेव
(२७ नोव्हेंबर १८८८ – २७ फेब्रुवारी १९५६). स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष. दादासाहेब या नावाने परिचित. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील, जन्म बडोद्यास. १९०२ मध्ये ते अहमदाबादेस शिक्षणासाठी आले, गुजरात कॉलेजातून पदवीधर झाले आणि १९१३ पासून तेथेच वकिली करू लागले. १९१९ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, ते अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले, आणि १९३७ पर्यंत चाललेल्या त्या सभासदत्वात दोन वेळा (१९३०–३३, १९३५–३६) अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. पुढे देशाच्या सभागृहात दिसलेला त्यांचा नियमनिष्ठ संयम या नगरपालिकेच्या कारभारातच घडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

१९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे सभापती झाले. जानेवारी १९४६ मध्ये, सरकारपक्ष विरोधात असतानाही, ६६ विरुद्ध ६३ अशा निसटत्या मतांनी त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्षपद मिळविले. १५ मे १९५२ रोजी लोकसभेत मात्र शंकर शांताराम मोरे यांच्याविरुद्ध ३९४ मते मिळाली, पंचावन्न विरुद्ध गेली. हे दोन्ही उमेदवार मराठी असावेत, हा योग उल्लेखनीय होय.

सरकारने सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती त्यांच्या कारकिर्दीत, १९५३ मध्ये, स्थापन झाली. वटहुकूम काढण्याची प्रथा लोकशाहीस विसंगत आहे, असे १९५४ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना स्वपक्षाचा मुलाहिजा न ठेवता लिहून कळविले. त्यांच्या थोरवीचा हा सर्वांत सबळ पुरावा मानावा लागेल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विरोधकांनी त्यांच्याविरुद्ध आणलेला ठराव सभागृहाने फेटाळला. पदावर असतानाच अहमदाबादेस त्यांचे निधन झाले.