पटावरची माणसं

दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात विदर्भातल्या दैनिकांच्या तालुका पानावर एक बातमी हटकून असते. ‘तब्बल पंचवीस वर्षांनी भरला दहावीचा वर्ग.’ गाव बदलतं, वर्षांचा आकडा बदलतो, मजकूर तोच राहतो. शाळेची घंटा वाजली, सरांनी हजेरी घेतली, गुरुजनांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, दिवंगत मित्रांना श्रद्धांजली वाहिली, जुन्या आठवणींना उजाळा मिळाला. सोबत फोटो. खुर्च्यांवर शिक्षक, त्यांच्यामागे केस पिकायला लागलेले विद्यार्थी. समुद्रपूर, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, वर्धा जिल्ह्यातलं कुठलंही नाव घाला, बातमी चालून जाते.

रीत एवढी पक्की झाली आहे की ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावात ती फोफावली मोबाइल हातोहाती झाल्यावर. तिचे अवयव मात्र निरनिराळ्या काळांतले आहेत आणि ते जुळून यायला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

शाळासोबत्यांच्या भेटीची आपल्याकडची सगळ्यांत ओळखीची गोष्ट सुदाम्याची. सांदीपनींकडे बरोबर शिकलेले दोघे. एक द्वारकेचा राजा झाला, दुसऱ्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत. पोह्यांची पुरचुंडी लपवू पाहणारा सुदामा आजच्या मेळाव्यांतही कडेच्या खुर्चीवर बसलेला सापडतो. पण ती दोन गुरुबंधूंची भेट होती. आजच्या अर्थाचा वर्ग तेव्हा नव्हता आणि पुढे पंतोजींच्या शाळेतही तो नव्हता. एकाच ओसरीवर कोणी धूळपाटीवर अक्षरं गिरवी, कोणी पावकी-निमकी घोकी, कोणी मोडी वाची. गरजेपुरतं शिकून झालं की जो तो आपापल्या वेळी दुकानात, शेतात नाहीतर दप्तरात जाई. बरोबर बसणं होतं, बरोबर सुटणं नव्हतं.

बरोबर सुटणं इंग्रजी अमदानीत आलं. इयत्ता आल्या, वर्षाअखेरची परीक्षा आली आणि १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर मॅट्रिक आली. विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ची. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हापासून माणसाला गाव, घराणं आणि जात यांच्या जोडीला आणखी एक ओळख चिकटली: अमक्या सालचा मॅट्रिक. बॅच ह्या गोष्टीचं बीज तिथे आहे.

बीज रुजलं ते कॉलेजांत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एकोणिसाव्या शतकात ‘सोशल गॅदरिंग’ सुरू झालं ते आजी आणि माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा एकत्र यावं म्हणून. वकील, मामलेदार, प्राध्यापक झालेली मंडळी त्या दिवशी पुन्हा कॉलेजात येत. हे गॅदरिंग पुढे शाळाशाळांत पोचलं, त्याचं स्नेहसंमेलन झालं, नाच-नाटुकली आणि बक्षीस समारंभ त्यात आले आणि माजी विद्यार्थी गळाले. आज समुद्रपुरातल्या मुलाला गॅदरिंग म्हणजे डान्स एवढंच माहीत असतं. त्याचा अर्धा भाग शंभर वर्षांनी वेगळ्या दाराने परत आला, तो हा स्नेहमेळावा.

माजी विद्यार्थ्यांच्या एकीत केवढा जोर असतो हेही डेक्कन कॉलेजनेच दाखवलं. पेशवाईतल्या दक्षिणा फंडातून १८२१मध्ये विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली तिचंच पुढे हे कॉलेज झालं. १९३४मध्ये सरकारने खर्चाचं कारण देऊन ते बंद केलं. तेव्हा माजी विद्यार्थ्यांची संघटना थेट कोर्टात गेली. कॉलेज देणगीवर उभं राहिलं आहे, ते सरकारला असं मोडता येणार नाही, असा दावा तिने लढवला. १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजची माजी विद्यार्थी संघटना जगातली सर्वांत जुनी मानतात. तीही अशाच संकटात जन्मली, योगायोगाने त्याच १८२१ साली. कॉलेजचे अध्यक्ष काही विद्यार्थ्यांना घेऊन दुसरं कॉलेज काढायला निघून गेले होते. मागे राहिलेलं कॉलेज बंद पडू नये म्हणून जुने विद्यार्थी एकत्र आले. दोन्हीकडे जमले ते पदवीधर, आणि जमले ते संस्थेसाठी.

दुसरा धागा महोत्सवाचा. व्हिक्टोरिया राणीचा १८८७चा सुवर्णमहोत्सव आणि पंचम जॉर्जचा १९३५चा रौप्यमहोत्सव हिंदुस्थानभर साजरा झाला आणि पंचवीस, पन्नास, साठ हे आकडे संस्थांच्या अंगवळणी पडले. वर्ध्यात तर अशा एका रौप्यमहोत्सवातून इतिहास घडला. जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मारवाडी विद्यालयाला, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयाला, १९३७मध्ये पंचवीस वर्षं पुरी होत होती. नुसता समारंभ करण्याऐवजी त्या निमित्ताने देशातल्या शिक्षणतज्ज्ञांना बोलवावं असं ठरलं. २२ आणि २३ ऑक्टोबरला परिषद भरली, गांधीजी अध्यक्षस्थानी होते आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नई तालीम ह्या शिक्षणविचाराची ‘वर्धा योजना’ निघाली ती ह्यातूनच. आजच्या बॅचा ‘पंचवीस’ हा आकडा इमानाने पाळतात तो ह्याच महोत्सवी मोजणीतून आलेला. फरक एवढाच की तेव्हा शाळेची वर्षं मोजत, आता शाळा सोडल्याची मोजतात.

आता समुद्रपूरचंच उदाहरण घेऊ. हिंगणघाटजवळच्या जाम चौरस्त्याला नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरची वाट फुटते. तिथून आत हे गाव. पूर्वी वर्धा जिल्ह्यात वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट अशा तीनच तहसिली होत्या आणि समुद्रपूर हिंगणघाटच्या पोटात होतं. स्वातंत्र्यापूर्वी हायस्कुलं मोठ्या गावांत असत. खेड्यातल्या मुलाला मॅट्रिक करायचं तर नातेवाइकांकडे किंवा बोर्डिंगात राहावं लागे, म्हणजे ज्याच्या घरी शेती-पैका आहे त्यालाच ते जमे. स्वातंत्र्यानंतर शिक्षण संस्थांनी तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांत माध्यमिक शाळा काढल्या. १९५६मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्र झाला, १ जानेवारी १९६६पासून राज्याचं एकच परीक्षा मंडळ झालं आणि १९७५मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली परीक्षा झाली. त्या साली जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन तुकड्या एकदम बाहेर पडल्या.

ह्या बदलाचा खरा परिणाम बाकावर दिसला. आजूबाजूच्या खेड्यांतून सायकलने, एसटीच्या पासवर, नाहीतर पायी येणारी पोरं एका वर्गात बसू लागली. पाटलाचा मुलगा, सालदाराचा मुलगा, कास्तकाराची मुलगी, दुकानदाराची मुलगी. पाचवी ते दहावी सहा वर्षं. सहल म्हटली की गिरडची टेकडी. तिथला बाबा फरीदांचा दर्गा आणि तिथे सापडणारे सुपारी-जायफळाएवढे गोल दगड. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड होऊन पडला, ही त्या दगडांची गोष्ट आसपासच्या गावांत सगळ्यांना ठाऊक. मग दहावीचा निरोप समारंभ, आणि निकालाच्या दिवशी वर्ग फुटायचा. कोणी अकरावी सायन्सला वर्ध्याला, कोणी आयटीआयला, कोणी डी.एड.ला, कोणी कापसाच्या शेतात. मुलींपैकी कितीतरी जणी दोन-तीन वर्षांत सासरी. अख्खं गाव एका खोलीत एकत्र बसण्याची ती शेवटची वेळ. कॉलेजच्या मेळाव्यांपेक्षा दहावीच्या मेळाव्यांना आपल्याकडे गर्दी का होते, ह्याचं उत्तर इथे आहे.

पण फुटलेला वर्ग जुळवणार कोण आणि कशाने? ऑर्कुटवर शाळांच्या नावाने कट्टे निघाले होते, पण त्यासाठी सायबर कॅफे हवा. जे शहरात गेले तेच एकमेकांना सापडले. गावात राहिलेले सापडले नाहीत. २०१४मध्ये ऑर्कुट बंद झालं. तोवर व्हॉट्सॲप आलं होतं, पण त्याच्या ग्रुपात शंभरच माणसं मावत, आणि ‘अ’ व ‘ब’ अशा दोन भरलेल्या तुकड्या असल्या की बॅच शंभराच्या पुढे जाते. फेब्रुवारी २०१६मध्ये ही मर्यादा २५६ झाली, सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि इंटरनेट फुकटाच्या भावात शेतापर्यंत पोचलं. सिनेमाने हवा तापवून ठेवलीच होती: २०११चा ‘शाळा’, २०१३चा ‘दुनियादारी’, २०१५चा ‘क्लासमेट्स’. हा शेवटचा ज्या मल्याळम चित्रपटावर बेतलेला, त्या २००६च्या ‘क्लासमेट्स’नंतर केरळात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांची लाटच आली होती.

ह्या कामात एक पालट झाला तो बातम्यांत येत नाही. पूर्वी माजी विद्यार्थ्यांना जमवणारी माणसं बाहेर जाऊन मोठी झालेली असत. बॅचचा मेळावा जमवतो तो गावात राहिलेला. कृषी केंद्रवाला, मेडिकलवाला, शाळेतच शिपाई किंवा शिक्षक म्हणून लागलेला. नंबर त्याच्याकडे असतात, सरांचं घर त्यालाच माहीत असतं, हॉल, मंडप, आचारी त्याच्या ओळखीचे. पुण्या-नागपूरचे वर्गणी पाठवतात आणि ऐन वेळी गाडी घेऊन येतात. तारीखही त्याच्या सोयीने पडते. मुली माहेरी आलेल्या असतात म्हणून भाऊबीजेच्या पुढचा दिवस, नाहीतर कापूस वेचणीची धांदल टळावी म्हणून मे महिना.

मुलींना शोधणं हे सगळ्यांत अवघड. लग्नानंतर आडनाव बदललेलं, काहींचं नावही बदललेलं. वर्गमित्राने थेट सासरी फोन करणं बरं दिसत नाही. मग भावाला गाठायचं, भावाकडून नंबर, आधी एखाद्या मैत्रिणीने बोलायचं, मग ग्रुपात घ्यायचं. काही जणी नवऱ्याला विचारून सांगते म्हणतात आणि पुढे काही सांगत नाहीत. ज्या येतात त्यांना त्या दिवशी माहेरच्या नावाने हाक मिळते. पुष्कळ जणींना ती कित्येक वर्षांनी मिळते.

कोणी राहू नये म्हणून काही बॅचा शाळेच्या ऑफिसात जाऊन दाखल-खारीज रजिस्टर किंवा जुना हजेरीपट बघतात. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट माझ्या मते ह्या रीतीतली सगळ्यांत मोठी आहे. डेक्कन कॉलेजात जमले ते पास झालेले. शाळांच्या महोत्सवांतही माजी विद्यार्थी म्हणून मंचावर बसत ते डॉक्टर, इंजिनिअर, आमदार. हजेरीपटावर मात्र नापास झालेल्याचं नाव असतं, नववीत शाळा सोडून ट्रकवर क्लीनर म्हणून गेलेल्याचंही असतं. ‘दहावी नापास’ हा शिक्का आपल्याकडे माणसाला जन्मभर पुरायचा. मेळाव्यात बोलावण्याचा निकष निकालाऐवजी पट झाला आणि पहिल्यांदाच त्या माणसाला शाळेचं आमंत्रण गेलं.

त्याने यावं की न यावं, हा वेगळा प्रश्न. “काय करून राह्यला बे आजकाल?” हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी कोणाला टोचेल सांगता येत नाही. ओळख करून देण्याची फेरी सुरू झाली की पदं आणि पगार डोकावतातच. म्हणून शहाण्या बॅचा ती फेरी गाळतात आणि सरळ हजेरी घेतात. हजेरीत फक्त नाव असतं आणि उत्तर एकच: हजर. मग प्रार्थना, मग प्रतिज्ञा. देशभरच्या शाळांत म्हटली जाणारी ही प्रतिज्ञा पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२मध्ये तेलुगूत लिहिली आणि २६ जानेवारी १९६५पासून ती शाळांत म्हटली जाऊ लागली. पन्नाशीतल्या माणसाला ती अजून न अडखळता येते. जेवायला गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. जाताना शाळेला भेट: पाण्याचा फिल्टर, पंखे, नाहीतर प्रोजेक्टर.

भेटवस्तूवर बहुतेक मेळावे संपतात, आणि इथे ही रीत आपल्या पूर्वजांपेक्षा कमी पडते. डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी कॉलेज परत मिळवलं, वर्ध्याच्या शाळेने महोत्सवातून शिक्षणाचा नवा विचार उभा केला. बॅच सगळ्यांना जवळ घेते, पण बघते मागे. ज्या हजेरीपटाने तिला जमवलं तोच आता कित्येक मराठी शाळांत आटत चालला आहे. वीसहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार सरकारने २०२३मध्ये मांडला. फिल्टर देणाऱ्यांनी त्या वेळी शाळेचा पट किती उरला आहे, हेही विचारायला हरकत नाही.

आणि एक बॅच अजून जमायची आहे. करोनामुळे २०२१मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही; मूल्यमापनाने निकाल लागला आणि ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. वर्षाचा बराच भाग त्यांचा वर्ग मोबाइलवर भरला. आधीच्यांना जो ग्रुप वीस-पंचवीस वर्षांनी मिळाला तो ह्यांना शाळा सुटण्याआधीच मिळाला होता. एकमेकांना शोधण्याचे कष्ट त्यांना पडणार नाहीत आणि पास-नापासाची भिंतही त्यांच्यात जवळजवळ नाही. २०४६मध्ये त्यांची पंचवीस वर्षं भरतील. तेव्हा सरांनी हजेरी घेतली तर ती त्या वर्गाची दहावीतली पहिली पुरी हजेरी ठरेल.