पावसाळ्यात तडकलेलं काडतूस

मागच्या वेळी आपण तोफांच्या ओतकामाबद्दल बोललो. आज त्याहून फार लहान वस्तू घेतोय, बोटभर लांबीची. बंदुकीच्या काडतुसाची पितळी पुंगळी. आपल्याला ही वस्तू बातमीतच भेटते, ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ म्हणून. पण गेल्या दीडशे वर्षांत या पुंगळीनं धातुशास्त्राला एक मोठा धडा शिकवलाय, आणि तो धडा निघाला हिंदुस्थानातल्या पावसाळ्यातून. आज तीच गोष्ट.

सुरुवात आपल्या ओळखीच्या ठिकाणी करू. 1857 चं काडतूस कागदाचं होतं. शिपायानं ते दातानं फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. त्या कागदाच्या चरबीवरून काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या दहा वर्षांत ही पद्धतच मागे पडली. 1866 मध्ये ब्रिटिशांनी जुन्या एनफिल्ड बंदुका मागून भरता येतील अशा करून घेतल्या. त्यांच्यासाठी एडवर्ड बॉक्सर या अधिकाऱ्यानं धातूचं काडतूस तयार केलं. गोळी, दारू आणि ठिणगी देणारी टोपी, सगळं एकाच डबीत.

आता ही डबी नेमकं काय करते? नुसती दारू सांभाळत नाही. बार उडाला की आतल्या दाबानं ती फुगते आणि नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे गरम वायू मागे, म्हणजे शिपायाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून ओढून बाहेर काढता येते. फुगायचं, पण फाटायचं नाही. आकसायचं, पण अडकायचं नाही. एवढं सगळं जमणारा धातू म्हणजे पितळ. साधारण 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त.

बॉक्सरची पुंगळी मात्र पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती, बूड वेगळं लावलेलं. 17 जानेवारी 1885 ला सुदानमध्ये अबू क्लीया इथे लढाई झाली, तेव्हा मार्टिनी-हेन्री बंदुका ऐन वेळी अडकल्या. वाळू होती, दारूची काजळी होती, आणि तापलेल्या नळीत चिकटून बसलेली ही गुंडाळी होती. अशा अनुभवांनंतर ब्रिटिश सैन्य अखंड पितळाच्या पुंगळीकडे वळलं. पितळाची चकती घ्यायची, ठोकून वाटी करायची, आणि ती वाटी साच्यांतून ओढत ओढत लांब करायची.

इथे थोडं पुण्याच्या तांबट आळीत जाऊन येऊ. मठारकाम करणारा कारागीर काय करतो? भांडं ठोकतो, आणि मध्येच थांबून भट्टीत तापवतो. का? ठोकलेला धातू कडक होत जातो. तसंच ठोकत राहिलं तर चीर पडते. तापवला की तो पुन्हा नरम होतो. पुंगळीच्या कारखान्यातही हेच चालतं: ओढायचं, तापवायचं, पुन्हा ओढायचं. पण शेवटच्या टप्प्यात पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळलं जातं. तो ताण धातूच्या पोटात तसाच राहतो. वरून दिसायला वस्तू चकचकीत, आतून ओढलेली.

आता पावसाळा. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश छावण्यांमध्ये एक विचित्र गोष्ट लक्षात आली. पेटीत नुसती ठेवलेली, एकदाही न उडवलेली काडतुसं गळ्याशी तडकलेली निघायची. पावसाळ्यात हे जास्त व्हायचं, म्हणून त्याला नाव पडलं ‘सीझन क्रॅकिंग’. ऋतूमुळे तडकणं. नावातच आरोपी ठरून गेला, पाऊस!

खरं कारण नीट मांडलं गेलं ते 1921 मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी. काडतुसं पुष्कळदा तबेल्यात ठेवलेली असायची. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो. तबेल्यात गेलेल्या माणसाला तो वास सांगायला नको. पावसाळी दमट हवेत पितळावर पाण्याचा अतिशय पातळ थर धरतो, त्यात हा अमोनिया विरघळतो आणि तांब्याला खायला लागतो. धातूच्या कणाकणांमधल्या सीमेवरून तो आत शिरतो. आत ताण आधीच वाट पाहत असतो. तो चीर उघडून देतो.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र लागतात: ताण, अमोनिया आणि ओल. एक काढा, चीर पडणार नाही. पाऊस थांबवता येत नाही. पण काडतुसं तबेल्यातून हलवता येतात. आणि कारखान्यात तयार पुंगळीला 300 अंश सेल्सिअसच्या आत हलकी ऊब दिली, तर धातू फारसा नरम न होता पोटातला ताण निघून जातो. उपाय सापडला तो असा.

प्रश्नोत्तरांकडे वळूया. एका श्रोत्यांनी विचारलंय, ‘एकच पुंगळी पुन्हा पुन्हा भरून वापरली तर कुठे झिजते?’ चांगला प्रश्न आहे. 1870 च्या दशकात अमेरिकेतले रानरेड्यांचे शिकारी पुंगळ्या उचलून पुन्हा भरत असत. त्यामुळे हा अभ्यास जुना आहे. थोडक्यात सांगतो: चीर कुठे आहे ते पाहा, ती स्वतःच आपला इतिहास सांगते. तोंडाशी उभी चीर असेल, तर पितळ दर वेळी फुगून-आवळून कडक झालंय, तांबटाच्या न तापवलेल्या भांड्यासारखं. बुडाच्या जरा वर आडवी चकाकती रेघ असेल, तर पुंगळी लांबीत ताणली जाऊन तिथे आतून पातळ झालीय. तिथून ती दोन तुकडे होते, आणि हा प्रकार फार धोक्याचा. त्या पुंगळीला तापवून उपयोग नाही, ती मोडीतच. आणि बूड तर कधीच नरम करायचं नसतं, कारण दाब तेच पेलतं. तिसरा प्रकार जुन्या टोप्यांमधल्या पाऱ्याचा. काळ्या दारूच्या भरपूर काजळीत तो पारा विखरून जायचा. धूरविरहित दारू आली आणि तो थेट पितळात मुरू लागला. पुंगळी दिसायला धडधाकट, पण ठिसूळ. 1898 च्या सुमारास अमेरिकी लष्करानं बिनपाऱ्याची टोपी आणली.

आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून उभा आहे. पुणेकरांना त्याची भिंत माहीत आहे. त्या बाजूनं जाताना एवढं आठवा: कित्येक वर्षं दोष पावसाला दिला गेला. पाऊस निमित्त होता. चीर पडायची तयारी कारखान्यातच झाली होती, आवळताना. ऐन लढाईत तडकलेली पुंगळी हातात आलेल्या शिपायाला हे कोण सांगणार होतं? म्हणून वस्तू तडकली की शेवटचा धक्का कुणी दिला एवढंच विचारू नका. तिच्या पोटात ताण कधी भरला, तेही विचारा.

इथे थांबतो.