सूर्याची रोजनिशी

आपल्या मोहल्ल्यातील मशिदीच्या भिंतीवर नमाजांच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो. फजर, जोहर, असर, मगरिब आणि इशा या पाचही वेळा सूर्याच्या स्थितीवरून ठरतात. घड्याळे नव्हती तेव्हा सावलीची लांबी पाहून जोहर आणि असरची वेळ काढीत असत. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात वेळ सांगण्याच्या कामावर इब्न अल-शातिर हा थोर खगोलवेत्ता नेमलेला होता. सूर्याकडे रोज, ठरल्या वेळी, नेमाने लक्ष देणे ही गोष्ट आपल्याला मुळीच परकी नाही. आधुनिक सौरविज्ञानदेखील याच सवयीवर उभे राहिले आहे. त्याची हकीकत आपल्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. या हकीकतीतील एक महत्त्वाचे पान आपल्या मुंबईत आणि अलिबागेत लिहिले गेले आहे.

सूर्याविषयी खरे ज्ञान मिळविण्याची पहिली अट म्हणजे मनातील भीती काढून टाकणे. हजरत पैगंबर (स.) यांचे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला असे लोक म्हणू लागले. तेव्हा पैगंबरांनी त्यांना समजावले की, कोणाच्या जन्मामुळे वा मृत्यूमुळे ग्रहण लागत नसते. ज्या समाजाला ही शिकवण मिळाली, त्यात पुढे ग्रहणांचे वेध घेणारे विद्वान निपजले. अल-बत्तानी याने रक्का येथे सुमारे चाळीस वर्षे वेध घेतले आणि सूर्यबिंबाचा दिसणारा आकार वर्षभर सारखा राहत नाही हे दाखविले. कैरोच्या इब्न यूनुसने इ. स. ९७७ व ९७८ मधील सूर्यग्रहणांच्या नोंदी ठेवल्या. पृथ्वीच्या भ्रमणाचा वेग शतकानुशतके कसा बदलत गेला हे ठरविण्यासाठी आजच्या शास्त्रज्ञांना जवळपास हजार वर्षांनंतर त्याच नोंदी उपयोगी पडल्या. आपले टिपण पुढे कोणाच्या, कोणत्या कामी येईल हे इब्न यूनुसला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने आपले काम चोख केले, एवढेच.

आता एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत येऊ. देसाऊ गावी हाइनरिख श्वाबे नावाचा एक औषधविक्रेता राहत असे. बुध आणि सूर्य यांच्यामध्ये एखादा अज्ञात ग्रह असावा अशी त्याची कल्पना होती. तो ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना काळ्या ठिपक्यासारखा दिसेल, पण सूर्यावर मुळातच काळे डाग असतात. तेव्हा ठिपका कोणता आणि डाग कोणता हे ओळखण्यासाठी १८२६ च्या सुमारास त्याने रोज डागांची नोंद सुरू केली. पुढे त्याने दुकानही विकून टाकले. ढग नसतील त्या प्रत्येक दिवशी तो दुर्बिणीपाशी हजर असे. ग्रह काही सापडला नाही. परंतु सतरा-अठरा वर्षांच्या वह्या चाळताना त्याच्या ध्यानात आले की, डाग सुमारे दहा वर्षांच्या अंतराने वाढतात आणि कमी होतात. त्याचे टिपण १८४४ साली छापले गेले, तेव्हा फारशा कोणी त्याची दखल घेतली नाही. पुढे झुरिकच्या रुडॉल्फ वुल्फने जुन्या नोंदी गोळा करून हे चक्र सरासरी सुमारे अकरा वर्षांचे असल्याचे दाखविले. श्वाबेने मात्र चाळीस वर्षांहून अधिक काळ आपला नेम मोडला नाही.

यानंतरची घटना १८५९ सालची. १ सप्टेंबर रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलवेत्ता नेहमीप्रमाणे पडद्यावर सूर्याची प्रतिमा पाडून डागांचे चित्र काढीत होता. इतक्यात डागांच्या एका मोठ्या समूहावर दोन झगझगीत प्रकाशबिंदू उमटले आणि सुमारे पाच मिनिटांत मावळले. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले. एरवी ध्रुवांजवळ दिसणारे रंगीत प्रकाश विषुववृत्ताच्या बाजूला खूप खालपर्यंत दिसले आणि तारायंत्रांचे काम विस्कळीत झाले. एका घटनेवरून घाईने निष्कर्ष काढू नये, असे कॅरिंग्टनने स्वतःच बजावले.

त्याच वेळी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत काय चालले होते? ही वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापने घेतली जात होती. अलिबागजवळच्या नागावचे थोर गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत काम केले होते. तेथे निरीक्षक डोळ्यांनी मापकावरचे आकडे वाची आणि हाताने वहीत उतरवी. २ सप्टेंबरला सकाळी उपकरणाचा चुंबक वेड्यासारखा हलू लागला. युरोपातील काही वेधशाळांचे आलेख त्या दिवशी कागदाच्या बाहेर गेले होते. कुलाब्याच्या वहीत मात्र आकडे नीट उतरले. चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट झाली होती. त्या निरीक्षकाने 'यंत्र बिघडले असावे' असे मानून रकाना रिकामा ठेवला असता, किंवा कालचेच आकडे आज लिहून टाकले असते, तर त्याला जाब विचारणारा कोणी नव्हता. परंतु जे दिसले तेच त्याने लिहिले. तब्बल १४४ वर्षांनी, २००३ साली, अमेरिका, ब्राझील आणि भारतातील शास्त्रज्ञांनी एकत्रितपणे त्या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कुलाब्याचे हेच आकडे त्याचा मुख्य आधार ठरले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय मापने बिघडणार हे उघड होते. तेव्हा संचालक डॉ. नानाभाई फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागेत नवी वेधशाळा उभारून घेतली. तिच्या बांधकामात लोखंड टाळण्यात आले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेण्यात आली. जुन्या आणि नव्या आकड्यांचा मेळ बसावा आणि नोंदींची साखळी तुटू नये हा त्यामागील हेतू होता. शास्त्रात जुन्या नोंदींचा मान कसा राखतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

याच सुमारास दक्षिणेत कोडाईकनाल येथील वेधशाळेत सूर्याची नित्य छायाचित्रे घेण्यास आरंभ झाला. १९०८ साली अमेरिकेत जॉर्ज हेल यांनी सौरडागांत तीव्र चुंबकीय क्षेत्र असल्याचे सिद्ध केले. दुसऱ्याच वर्षी कोडाईकनालला जॉन एव्हरशेड यांनी डागातील वायू केंद्राकडून कडेला वाहत असल्याचे शोधून काढले. हा परिणाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कोडाईकनालचा शंभर वर्षांहून मोठा चित्रसंग्रह आज जगभरच्या अभ्यासकांना उपलब्ध आहे.

नोंदी साठल्या की त्यांचा अर्थ लावण्यासाठी गणित लागते. शास्त्रज्ञ कागदावर किंवा संगणकात सूर्याची गणिती प्रतिकृती तयार करतात आणि तिचे उत्तर नोंदींशी ताडून पाहतात. अमेरिकन शास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये गणिताने दाखविले की, सूर्यापासून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असला पाहिजे. परीक्षकांना ते पटले नाही. परंतु त्या नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांना गणितात चूक आढळली नाही, म्हणून त्यांनी लेख छापला. १९६२ मध्ये मरिनर-२ या यानाने तो सौरवारा प्रत्यक्ष मोजला. निरीक्षणाशिवाय गणित आंधळे असते, तर गणिताशिवाय निरीक्षण मुके.

या अभ्यासाची गरज केवळ विद्वानांना आहे असे कोणी समजू नये. १३ मार्च १९८९ रोजी अशाच, पण १८५९ पेक्षा सौम्य, वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली आणि साठ लाख लोक अंधारात बसले. आज आपले फोन, विमाने, उपग्रह, सारे काही विजेवर आणि संदेशांवर चालते. म्हणूनच भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ हे यान पाठविले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोचले. त्यावरील सात उपकरणांत एक चुंबकमापकही आहे. कुलाब्याच्या वहीचेच काम आता अंतराळात चालू आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या मोहिमेच्या प्रकल्प संचालक होत्या श्रीमती निगार शाजी. तमिळनाडूतील सेंगोट्टई या गावच्या शेतकरी कुटुंबातील ही कन्या अभियांत्रिकी शिकून १९८७ मध्ये इस्रोत दाखल झाली. आता याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहा. सौरडागांचा अभ्यास करणाऱ्या ॲनी रसेल यांना १८९५ साली लग्न झाल्यामुळे ग्रीनिचच्या वेधशाळेतील नोकरी सोडावी लागली. तरीही पती वॉल्टर माउंडर यांच्याबरोबर त्यांनी अभ्यास चालूच ठेवला. प्रगत म्हणविणाऱ्या इंग्लंडचीही तेव्हा ही स्थिती होती. आपल्यातील जे पालक दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबविण्याचा विचार करतात, त्यांनी ही दोन्ही चित्रे डोळ्यांसमोर ठेवावीत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलतो. प्रयोगवह्या तपासताना मला पुष्कळदा तीस मुलांचे आकडे दशांश चिन्हापर्यंत तंतोतंत सारखे आढळतात. उत्तर आधी ठरवायचे आणि त्याला जुळतील असे आकडे मागाहून लिहायचे, ही खोड आपल्याला लागली आहे. गुण मिळतील, पण अशी वही दुसऱ्या दिवशीही कोणाच्या कामाची नसते. कुलाब्याची वही १४४ वर्षांनी कामी आली, ती केवळ प्रामाणिक होती म्हणून.

एक साधे काम सांगतो. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी वा दुर्बिणीतून कधीही पाहू नका, त्याने दृष्टी जाते. अंगणात एक सरळ काठी रोवा आणि तिची दिवसातील सर्वांत आखूड सावली दर शुक्रवारी मोजून तारखेसह लिहा. ढग असतील तर 'ढग' असेच लिहा. वर्षभर हे करा. वर्षाच्या शेवटी ऋतूंचे कोडे तुम्हाला कोणी शिकवावे लागणार नाही, तुमची वहीच ते शिकवील. इल्म मिळविण्याचा मार्ग लांबचा खरा, परंतु तो रोजच्या एका ओळीने चालता येतो.