थांबण्याचा इतिहास

मंडळी, गाड्यांचा विषय निघाला की सगळे इंजिनावर बोलतात. अश्वशक्ती किती, टॉप स्पीड किती... ब्रेकवर मात्र कोणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून आजचा हा शनिवारचा उपद्व्याप. निमित्त आहे आरोंद्याला काकांच्या मांगरात उभी असलेली जुनी लो-बॉनेट जीप. तिच्या पुढच्या चाकांना छोटे डिस्क ब्रेक बसवायचे का, यावर घरात दोन तट पडले आहेत. काकांचं म्हणणं, "रे बाबू, गाडी पळवूची सोपी, थांबवूक कळाक होया." आता यावर काय बोलणार!

तर इतिहास. डिस्क ब्रेक ही 'लेटेस्ट' गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं, कारण आपल्याकडे हा शब्द पोराटोरांच्या तोंडी रुळला तो १९९९ ची हीरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची पल्सर आल्यावर. पण इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं १९०२ साली! त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेक आणला. जिंकला ड्रम. लँचेस्टरचे पॅड तांब्याचे, ते चकतीवर घासले की कानठळ्या बसायच्या. शिवाय तेव्हाचे रस्ते म्हणजे चिखल आणि धूळ. ड्रम बंदिस्त, चकती उघडी.

डिस्कचे दिवस फिरले ते विमानांमुळे. धावपट्टीवर उतरणाऱ्या जड विमानाला थांबवताना प्रचंड उष्णता तयार होते, ती बंद डब्यात कोंडून चालत नाही. डनलॉपने विमानासाठी तयार केलेलं हे तंत्र जॅग्वारने शर्यतीत आणलं. १९५३ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क लावलेल्या सी-टाइपने जिंकली, सरासरी ताशी १७० किलोमीटरने. बाकीच्यांपेक्षा उशिरा ब्रेक दाबता येणं हाही वेगच की!

तिकडे अमेरिकेत हॉट रॉडवाल्या पोरांचा वेगळाच उद्योग चालू होता. १९३२ ची हलकी फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढायचे, इंजिन फुगवायचं. पण फोर्डने १९३८ पर्यंत ब्रेक ठेवले सळ्यांचे आणि केबलचे. हायड्रॉलिक आले १९३९ ला. मग पोरांनी नव्या फोर्डचे ब्रेक काढून जुन्या गाडीला लावले. पुढच्या पिढीने त्याच गाड्यांना छोट्या डिस्क लावल्या.

आपल्याकडची हलकी जुनी गाडी म्हणजे जीप. १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' कंपनी निघाली, १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जोडल्या जाऊ लागल्या. (यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, म्हणून मग 'महिंद्र अँड महिंद्र'.) युद्धातल्या विलिसचं वजन जेमतेम एक टन, चारी चाकांना ९ इंची ड्रम, आणि चारींचं तेल एकाच सर्किटात. म्हणजे एक पाइप फुटला की सगळंच गेलं. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर!

आता आंबोली घाट डोळ्यांसमोर आणा. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. ड्रममध्ये पाणी शिरलं की लायनिंग सुळसुळीत होतं. लांब उतारावर ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. चकती उघडी असल्याने पाणी फेकून देते, लवकर थंड होते.

मग लावून टाकू की? थांबा. ड्रममधला पुढचा शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर आपोआप ओढला जातो, म्हणजे ड्रम स्वतःच पायाला मदत करतो. डिस्क ती मदत करत नाही, जोर जास्त लागतो. गाडी हलकी असेल तरच छोटी डिस्क बूस्टरशिवाय निभते. कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला तेलही जास्त लागतं, ते जुना मास्टर सिलिंडर पुरवेलच असं नाही. ड्रमसाठी लाइनमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो, तो तसाच ठेवला तर पॅड कायम घासत राहतात. पुढे डिस्क, मागे ड्रम असताना दाबाचं वाटप चुकलं तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी होते. जुन्या कोडमध्ये एक मॉड्यूल बदललं की इंटरफेस बोंबलतो, तसंच हे.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापराला नाही.

माझं मत विचाराल तर क्रम असा: आधी नवे ब्रेक पाइप, नवे व्हील सिलिंडर आणि दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर, कारण खरी भीती तिथे आहे. मात्र त्या सिलिंडरसाठी आणि डिस्कसाठी आरटीओला लेखी विचारून मगच हात घालायचा. आणि जुने शू काढताना धूळ फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतो.

तोपर्यंत घाट उतरायचा तो सेकंड गिअरमध्येच. काकांना हे पटलंय. डिस्कचं अजून नाही.